हजार अश्वशक्ती जाते कुठे? परफॉर्मन्स कारचा वाद नीट कसा घालावा

मॅकलॅरन एफ१ की बुगाटी वेरॉन? फेरारी एफ४० की पोर्शे ९५९? गाडीवेडी माणसं एकत्र आली की हा विषय निघतोच, आणि मिटत कधीच नाही. एक जण टॉप स्पीड सांगतो, दुसरा शून्य ते शंभरचे सेकंद काढतो, तिसरा जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या लॅपवर, म्हणजे एका फेरीच्या वेळेवर, येऊन थांबतो. आकडे बहुतेक खरेच असतात. पण टॉप स्पीड हे हवेच्या परीक्षेचं उत्तर आहे, शून्य ते शंभर हे टायरच्या, आणि लॅप टाइम हे वजन, ब्रेक आणि डाउनफोर्स (हवेने गाडीला खाली दाबणं) यांच्या एकत्रित परीक्षेचं. परीक्षा वेगवेगळ्या आणि मार्कांची बेरीज एकच, म्हणून भांडण होतं. तेव्हा कोणता आकडा कशातून येतो ते आधी पाहू. आमचा कौल शेवटी देऊच.

सुरुवात अश्वशक्तीपासून, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. गाडी वेगात असताना इंजिनाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला की ताकद आठपट लागते. मॅकलॅरन एफ१चा हवेच्या विरोधाचा गुणांक (आकार हवेला किती अडतो त्याचं माप) ०.३२ आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर. त्यावरून हिशोब केला तर ताशी १०० किमीला हवा कापायला जेमतेम १० अश्वशक्ती पुरते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या वेगमर्यादेत या गाडीच्या ६२७ पैकी ६०० हून अधिक घोडे नुसते उभे असतात म्हणा ना. २०० ला ८० लागतात, ३०० ला २७०, आणि ३८६ ला जवळजवळ ५८०. टायरचं घर्षण आणि गिअरबॉक्समधला तोटा धरला की ६२७ तिथेच संपतात.

या गाडीने ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसियन चाचणी मार्गावर ३८६.४ किमीचा वेग गाठला. चालक होता अँडी वॉलेस. त्यासाठी एक गोष्ट मात्र बदलावी लागली. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा ७५०० वरून ८३०० वर नेली होती, कारण मूळ मर्यादेत सहावा गिअर आधीच संपत होता. ताकद शिल्लक असून गिअर संपणं हा प्रकार टॉप स्पीडच्या आकड्यांमागे बऱ्याचदा असतो, आणि माहितीपत्रकात तो कधी लिहिलेला नसतो.

आता २००५ ची वेरॉन घ्या. ८ लिटरचं १६ सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंप), १००१ अश्वशक्ती, वेग ४०७. मॅकलॅरनपेक्षा ३७४ अश्वशक्ती जास्त आणि वेग फक्त २० किमीने जास्त! तीच मॅकलॅरन ४०७ ला न्यायची तर घनाच्या नियमाने साधारण ७३० अश्वशक्ती पुरली असती. मग वेरॉनची उरलेली २७० गेली कुठे? गाडी रुंद आहे. एवढं इंजिन थंड ठेवायला १० रेडिएटर आहेत, आणि त्यांच्यातून जाणारी हवा गाडीला मागे ओढते. शिवाय ४०० च्या पुढे गाडी जमिनीवर राहावी म्हणून हवेने तिला खाली दाबावं लागतं, त्याचीही किंमत ताकदीतच मोजावी लागते. ही किंमत कमी करायची म्हणून ३७५ च्या पुढे जायचं तर चालकाने वेगळी किल्ली फिरवायची, मग गाडी जमिनीपासून साडेसहा सेंटीमीटरवर बसते आणि मागचा पंख खाली जातो. पूर्ण वेगात १०० लिटरची टाकी साधारण १२ मिनिटांत रिकामी होते.

टायरची तर याहून वाईट अवस्था. ४०० किमी वेगात टायरच्या बाहेरच्या कडेवरचा प्रत्येक कण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३६०० पट जोराने बाहेर फेकला जात असतो. म्हणजे एक ग्रॅम रबर साडेतीन किलोच्या जोराने सुटू पाहतं. तुमच्या टायरवर एच लिहिलं असेल तर तो २१० किमीसाठी आहे, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० साठी. तोच वाय कंसात छापलेला असेल तर ३०० च्या वर. त्यापुढे उत्पादकाने त्या गाडीसाठी खास टायर बनवला तरच वेग वाढतो. थोडक्यात, टॉप स्पीडचा विक्रम हा निम्मा टायर कंपनीचा विक्रम असतो.

शून्य ते शंभर या आकड्यात तर इंजिनाला जवळजवळ काहीच किंमत नाही. रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा तुकडा. रस्त्यावरच्या चांगल्या टायरची पकड साधारण त्याच्यावरच्या वजनाएवढी असते. चारही चाकं ओढत असली आणि पकड पूर्ण वापरली तरी १०० किमी गाठायला २.८ सेकंद लागतातच, मग इंजिन ६०० चं असो नाहीतर १६०० चं. त्याहून कमी वेळ दिसला की तीनपैकी एक गोष्ट धरून चाला. टायर रेसच्या जवळचे आहेत, ट्रॅकवर चिकट रसायन मारलेलं आहे, किंवा घड्याळ उशिरा सुरू केलेलं आहे. ही शेवटची पद्धत अमेरिकन ड्रॅग रेसमधून आली. पहिला एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर, मोजायचाच नाही. तेवढ्याने पाव सेकंद वाचतो. टेस्लाने मॉडेल एस प्लेडसाठी दिलेला १.९९ सेकंदांचा आकडा असा पहिला फूट वगळून आहे, शिवाय तो शून्य ते ६० मैल, म्हणजे ९६.५ किमीचा आहे. यात खोटं काही नाही. पण शून्य ते १०० किमी या आकड्याशेजारी तो मांडू नये.

तुलना करायचीच तर १०० ते २०० किंवा १०० ते ३०० चे सेकंद पाहा. तिथे टायरची पकड पुरून उरते आणि ताकद भागिले वजन हे गणित उघडं पडतं. मॅकलॅरनमध्ये टनामागे साधारण ५५० अश्वशक्ती, वेरॉनमध्ये ५३०, एफ४० मध्ये चारशेच्या आत. साध्या हॅचबॅकमध्ये ९०-१००. इथेही एक सावधगिरी बाळगा. काही कंपन्या कोरडं वजन छापतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट नसलेलं. त्यात आणि रस्त्यावरच्या वजनात सहज शंभर-सव्वाशे किलोंचा फरक पडतो. एका गाडीचं कोरडं आणि दुसरीचं भरलेलं वजन घेऊन काढलेलं गुणोत्तर कचऱ्याच्या डब्यात टाकावं.

वजनाचा खरा त्रास वळणावर कळतो. टायरवरचा भार दुप्पट झाला की पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. त्यामुळे २००० किलोच्या गाडीला कितीही रुंद टायर घातले तरी वळणावर ती १२०० किलोच्या गाडीइतकी मोकळी होत नाही. वळणात बाहेरच्या टायरवर भार सरकतो, आतला हलका होतो, आणि बाहेरच्याला मिळालेली पकड आतल्याने गमावलेल्या पकडीची भरपाई करत नाही. गाडी उंच असेल तर हे सरकणं जास्त. सेडान कितीही ताकदवान असली तरी ट्रॅकवर पसरट मिड-इंजिन (इंजिन पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असलेल्या) गाडीपुढे दमते, ती यामुळे.

यावर एक उपाय आहे: वजन न वाढवता भार वाढवायचा. चालत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पंजा खाली कलता धरला की तो खाली दाबला जातो, तेच पंख गाडीला करतो. पोर्शेची २०२२ ची ९११ जीटी३ आरएस याचं उत्तम उदाहरण. इंजिन ४ लिटरचं, टर्बो नाही, ५२५ अश्वशक्ती, वजन १४५० किलो. ताशी २०० ला पंखांमुळे ४०९ किलोंचा जादा दाब मिळतो आणि २८५ ला ८६०. समजा, ३०० मीटर त्रिज्येचं मोठं वळण आहे आणि टायरची पकड वजनाच्या १.१ पट. पंख नसतील तर ही गाडी तिथून २०५ ने जाईल. पंखांसकट २४० च्या आसपास. दर तासाला ३५ किमीचा हा फरक इंजिनातून कधीच मिळत नाही. बदल्यात टॉप स्पीड पडतो. आरएस २९६ वर थांबते आणि तिचीच साधी बहीण जीटी३ तिच्याहून वेगात पळते. टॉप स्पीड कमी असलेली गाडी लॅपमध्ये पुढे, हे ज्याला विचित्र वाटतं त्याने एकदा सरळ रस्ते किती आणि वळणं किती ते मोजावं. अर्थात दाबसुद्धा वेगाच्या वर्गाने घटतो. ताशी ६० ला तो ४० किलोंच्या आतबाहेर, म्हणजे घाटातल्या हेअरपिनवर एवढा मोठा पंख नुसता मिरवायला.

ब्रेकबद्दल या वादात कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबू. १५०० किलोची गाडी ३०० वरून पूर्ण थांबवायची तर सुमारे ५.२ मेगाज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता म्हणून ओतावी लागते. वजनाएवढा ब्रेकिंगचा जोर मिळाला तर थांबायला साडेआठ सेकंद आणि सुमारे ३५० मीटर. म्हणजे सरासरी ८३० अश्वशक्तीचं काम, आणि ब्रेक दाबल्या क्षणी त्याच्या दुप्पट. रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक वेगवान गाडीत सगळ्यात ताकदवान भाग इंजिन नसून ब्रेक असतात. १०० वरून थांबायला याच्या नवव्या हिश्श्याची ऊर्जा लागते, म्हणून रोजच्या वापरात ब्रेक कधी अपुरे वाटतच नाहीत. गाडी २००० किलोची असेल तर ५.२ चे जवळजवळ ७ मेगाज्यूल होतात, आणि हे प्रत्येक सरळ रस्त्याच्या शेवटी, लॅपमागून लॅप.

बिघडतं ते दोन तऱ्हांनी, आणि दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेत. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक फ्लुइड उकळलंय. फ्लुइड दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. डॉट ४ प्रकारचं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत टिकतं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि पुरेसं पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षं पडून राहिलेलं फ्लुइड घेऊन बुद्ध सर्किटवर किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर उतरणं म्हणजे संकटाला निमंत्रण. ट्रॅकवर जाण्याआधी फ्लुइड बदला आणि पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक आहेत का पाहा. जोरात लॅप मारल्यावर एक लॅप हळू फिरून डिस्क थंड होऊ द्या. पिटमध्ये उभं राहिल्यावर हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहिला की तिथे पॅडच्या मालाचा थर बसतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.

टायरचंही तेच. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. ट्रॅकवर टायर सहज ४०-५० अंशांनी तापतो, म्हणजे सकाळी ३२ भरलेला टायर दुपारी ४० दाखवेल, मधोमध फुगेल आणि पकड सोडेल. गरम असताना मोजा, उत्पादकाने गरम टायरसाठी सांगितलेल्या दाबावर आणा, आणि घरी निघण्यापूर्वी थंड झाल्यावर पुन्हा भरा. हे शेवटचं काम हमखास विसरतं.

उष्णतेची बाजू इंजिनालाही आहे. टर्बो इंजिनात आत जाणारी हवा तापली की नॉक (इंधन आपोआप भडकणं) होऊ नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद कमी करतो. पहिल्या लॅपला मिळालेली अश्वशक्ती पाचव्या लॅपला नसते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी आणि मोटर तापल्यावर नेमकं हेच होतं. क्रोएशियाची रिमॅक नेवेरा, १९१४ अश्वशक्तीची, २०२३ साली शून्य ते ४०० आणि पुन्हा शून्य अवघ्या २९.९३ सेकंदांत करून गेली. विलक्षण कामगिरी आहे, वाद नाही. पण ती एका धावेची आहे आणि गाडी दोन टनांहून जड आहे. कोणत्याही गाडीबद्दल विचारायचा प्रश्न हा: हेच लागोपाठ पाच वेळा करून दाखवाल का?

विक्रमांच्या पुराव्याकडेही डोळसपणे पाहायला हवं. न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर वळशाची (नॉर्डश्लाइफ) दोन मोजमापं आहेत. जुनं २०.६ किमीचं, ज्यात सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा जुळत नाही, आणि २०१९ पासूनचं पूर्ण २०.८३२ किमीचं. वर सांगितलेल्या जीटी३ आरएसचीच, एकाच लॅपची, वेळ नव्या मापाने ६ मिनिटं ४९.३ सेकंद आहे आणि जुन्या मापाने ६ मिनिटं ४४.८. साडेचार सेकंदांवर लोक मित्रांशी अबोला धरतात, आणि इथे तेवढा फरक निव्वळ फीत कुठे धरली यावर पडतो. चालकाचा फरक तर आणखी मोठा. २००८ मध्ये निस्सानने जीटी-आरची वेळ ७ मिनिटं २९ सेकंद जाहीर केली. पोर्शेने स्वतः ती गाडी मिळवून धाववली आणि ७:५४ सांगितले. निस्सानचं उत्तर असं की, तुमच्या चालकाला आमची गाडी चालवता येत नाही.

टॉप स्पीडला दोन दिशांची सरासरी घेण्याचा नियम आहे, वारा आणि उतार यांची मदत वजा व्हावी म्हणून. केनिगसेगच्या अगेरा आरएसने २०१७ मध्ये नेवाडाच्या रस्त्यावर ४४७ काढले ते दोन्ही दिशांनी. बुगाटीच्या शिरोनने २०१९ मध्ये ४९०.४८४ गाठले ते एकाच दिशेने आणि बदललेल्या गाडीत. चालक पुन्हा अँडी वॉलेस, जागाही तीच एरा-लेसियन. आणि २०२० मध्ये एसएससी तुआताराने ५०० च्या वरचा दावा केला, तेव्हा व्हिडिओतला वेग आणि रस्त्यावरच्या खुणांमधलं अंतर जुळत नाही हे लोकांनी घरबसल्या दाखवून दिलं. कंपनीला तो दावा सोडावा लागला. नंतर जानेवारी २०२१ मध्ये तिने दोन दिशांची सरासरी ४५५ काढली. तीही भन्नाटच होती, पण तोवर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

मग कौल कोणाला? १९८६ ची ९५९ आणि १९८७ ची एफ४० हा जोडीतला वाद आधी निकालात काढू. ९५९ मध्ये चारही चाकांना संगणक ताकद वाटून देतो, टायरचा दाब मोजणारे सेन्सर आहेत, आणि तिने १९८६ ची पॅरिस-डकार ही वाळवंटातली रॅली जिंकली. एफ४० मध्ये एबीएस (ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, दार आतून उघडायला दोरी ओढायची. पुढच्या काळाने ९५९ चा रस्ता धरला. जीटी-आर काय, वेरॉन काय, सगळ्या तिच्याच वंशातल्या. अभियांत्रिकीत ९५९ पुढे, यात आम्हाला शंका नाही. चालवण्याची मजा म्हणून एफ४० कोणी पुढे ठेवली तर त्यालाही चूक म्हणणार नाही.

एकच गाडी निवडायची तर मात्र मॅकलॅरन एफ१. तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी ती १९९२ मध्ये मांडली तेव्हा त्यांचं उद्दिष्ट होतं एक टन. पूर्ण कार्बन फायबरचा सांगाडा रस्त्यावरच्या उत्पादित गाडीत पहिल्यांदा इथे आला. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांच्या देखरेखीखाली बनलेलं ६.१ लिटरचं व्ही-१२ इंजिन टर्बोविना आहे, म्हणून उष्णतेने ताकद गळण्याचा टर्बोवाला त्रास नाही. इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा पत्रा लावलाय तो दिमाखासाठी नाही, सोनं उष्णता परतवतं म्हणून. चालक मधोमध बसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची वळणं सारखीच दिसतात. आणि पाच वेळा करून दाखवाल का या प्रश्नाला तिने २४ तासांचं उत्तर दिलं आहे. १९९५ च्या ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत तिची रेस आवृत्ती पहिली आली, शिवाय तिसरी, चौथी आणि पाचवीही. रस्त्यासाठी बनवलेल्या गाडीत नंतर बदल करून हे साधलं, आणि नियमांनी हवा कोंडल्यामुळे त्या रेस गाडीची ताकद रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी होती!

तिच्यात दोष नाहीत असं नाही. ब्रेकना सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही, एबीएस नाही, थंड असताना पेडलवर पाय अक्षरशः रोवावा लागतो. आजची जीटी३ आरएस लॅपमध्ये तिला कुठल्या कुठे मागे टाकेल. टायरच तीस वर्षांनी पुढे गेलेत. पण वेरॉनला तिच्यावर २० किमीची आघाडी घ्यायला ३७४ अश्वशक्ती, १० रेडिएटर आणि सुमारे ७५० किलो जादा वजन लागलं, याकडे दुर्लक्ष करून तिला मागे टाकायला आम्ही तयार नाही. खुद्द मरे यांनी २०२० मध्ये तिची वारसदार म्हणून टी.५० आणली तेव्हा वेगाचे किंवा लॅपचे विक्रम मोडण्यात रस नाही हे आधीच सांगून टाकलं. वजन एक टनाच्या आत, इंजिन १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारं व्ही-१२, मागे ४०० मिलिमीटर व्यासाचा पंखा, जो हवा ओढून गाडीला जमिनीशी धरतो, आणि संख्या फक्त १००. एफ१ला तिच्याच परीक्षेत हरवेल अशी गाडी आमच्या मते ही एकच. ती लागोपाठ २४ तास धावलेली मात्र अजून कोणी पाहिलेली नाही.